मदत हवी आहे: कुलर घरीच दुरुस्त करू की मिस्त्रीला २८०० देऊ?

भुसावळची_झळ:
पत्र्याचा कुलर आहे, २४ इंची, पंखा १८ इंची. माळ्यावरून खाली काढला तर तीन तक्रारी. पंखा नुसता हूं करतो, फिरत नाही. डाव्या बाजूचं गवत कोरडंच राहतं. आणि पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मिस्त्रीने कुलर न उघडताच सांगून टाकलं, "मोटर गेली, पंप बदला, गवत बदला, २८०० होतील." घरात पाना, पक्कड, टेस्टर आणि साधा मल्टिमीटर आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत कुलर चालू हवा. यातलं घरी काय होईल, आणि कशाला मुकाट्याने पैसे मोजावे लागतील?

तापीकाठ:
भो, हूं करते म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचतेय. प्लग काढून पातं हाताने फिरवा. सहज फिरलं तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या डबीवर. जड फिरलं तर बुश, म्हणजे शाफ्ट (पात्याचा दांडा) ज्यात फिरतो ती कडी, सुकलाय. शाफ्टच्या दोन्ही टोकांना मशीन ऑइलचे चार-पाच थेंब सोडा आणि पातं पाच मिनिटं हाताने फिरवत राहा. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन बसतं.

कंडेन्सर बदलण्याआधी त्याची दोन टोकं लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, आत साठलेला करंट निघून जातो. मग वर छापलेला आकडा वाचा. या मापाच्या मोटरला बरेचदा ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा असतो, पण अंदाजाने आणू नका, जुना खिशात घालून दुकानात जा. जास्त आकड्याचा लावला तर पंखा सुरू होईल, पण वायंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) तापत राहील. याला प्लस-मायनस नसतं, कुठलीही वायर कुठेही चालते. किंमत शंभराच्या आत.

चालू मोटरचं पातं काठीने ढकलून बघायची युक्ती कोणीतरी सांगेलच. तुमच्या पत्र्यात करंट उतरतोय, त्यामुळे ते अजिबात नको.

धुळ्याचा_वायरमन:
आधी झिणझिण्यांचं बघा, बाकी सगळं नंतर. पंपाची वायर सोडवून फक्त पंखा लावा आणि टेस्टर पत्र्याला टेकवा. मग उलट, फक्त पंप. ज्याच्यावर टेस्टर लख्ख पेटतो तो चोर. बहुतेक वेळा पंपच निघतो, कारण त्याची वायर पाण्यात राहून कडक होते, तडकते आणि पाणी आत शिरतं. अशा पंपाला टेप गुंडाळू नका, फेकून द्या. नव्या पंपाच्या वायरचा जोड टाकीच्या काठाच्या वरच ठेवा.

पंप बदलूनही टेस्टर मिणमिणत असेल तर बोर्डाची अर्थिंग तपासायला हवी. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, इथे पैसे वाचवू नका. कुलर खिडकीच्या गजांना टेकवलेला असेल तर गजांतही करंट येतो, ते वेगळंच. पाणी भरताना प्लग बाहेर, बटण बंद करून भागत नाही.

सावद्याची_केळी:
डावी बाजू कोरडी राहते त्याला बोअरचं पाणी जबाबदार. वरच्या नळीची भोकं क्षारांनी बुजतात. नळी पंपावरून काढून पाहा: धार जोरात आली तर पंप ठीक, दोष वर. दाभणाने भोकं मोकळी करा, मग नळी लिंबूसत्वाच्या पाण्यात, लिटरभराला ५० ग्रॅम, दोन तास बुडवा. कुलर एका अंगाला कलला असेल तरी असंच होतं, चारही पायांखाली बघा.

गवत जाळीत ठासून भरू नका, हवा अडते. विरळही नको, ते ओलं झाल्यावर खाली बसतं आणि वर मोकळी फट राहते. गरम हवा तिथूनच आत येते. वरून सुतळीने तीन-चार ठिकाणी ओवून घ्या.

भुसावळची_झळ:
मंडळी, चोर पंपच होता. नवा ३५० ला मिळाला, कंडेन्सर ८० ला, तीन बाजूंचं गवत ३००. पातं सहज फिरत होतं. नवा कंडेन्सर लावून अर्धा तास पंखा चालवला, मोटर कोमट होते, तापत नाही. अर्थिंगचं भोक मात्र खरंच बिनवायरचं निघालं, वायरमन उद्या येतोय. एकच शंका, डाव्या जाळीचा खालचा वीतभर भाग अजून सुका राहतो.

सावद्याची_केळी:
जाळी उलटी करून बसवा, गवत खाली दाटलं असेल. आणि टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करा, वरून पाणी ओतत राहिलात तर क्षार तळाशी साठतच जातील. डासांच्या अळ्याही त्यातच होतात.

धुळ्याचा_वायरमन:
वायरमन येईपर्यंत कुलर बंद ठेवा भाऊ, पंखासुद्धा.