जुन्या मोटरसायकलचे आयडलिंग : आपापले अनुभव लिहा

वडिलांची १९९१ सालची हिरो होंडा सीडी १०० मी अजूनही रोज चालवतो. गेल्या पावसाळ्यानंतर सिग्नलला थांबले की ती थरथरू लागे आणि दोन-चार ठोके चुकवून बंद पडे. गॅरेजमध्ये दर वेळी स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीच्या मंद चालीचा (आयडलिंगचा), स्क्रू थोडा आवळून मिळे, आठवडाभर गाडी बरी चाले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा सकाळी सहज लक्षात आले की इंजिन गरम झाल्यावरही चोक अर्धा ओढला तर गाडी एकसारखी चालते. चोकने मिश्रणातले पेट्रोल वाढते; त्या अर्थी एरवी पेट्रोल कमी पडत होते किंवा कुठून तरी जादा हवा शिरत होती. कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उतरवून त्याची फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडली जाणारी सपाट कड, काचेवर ठेवली, तर बोल्टकडची दोन्ही टोके काचेला टेकत होती आणि मधल्या भागाखालून कागद आरपार सरकत होता. वर्षानुवर्षे बोल्ट गच्च आवळल्याने ती वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँज सपाट होईपर्यंत घासली, नवी ओ-रिंग (रबरी कडे) बसवली आणि मग स्लोचा स्क्रू चक्क दोन फेरे सैल करावा लागला. माझे मत असे की हा स्क्रू दोष झाकतो, काढत नाही. ज्यांनी असा दोष शोधून काढला असेल त्यांनी लक्षण, चुकलेले अंदाज आणि अखेर सापडलेले कारण सविस्तर लिहावे, ही विनंती.

सांगली, बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन
माझ्या गाडीत कार्बोरेटरचा काहीही संबंध नव्हता, तरी तो मी तीनदा साफ केला. हळू चालताना ठोका मध्येच गळत असे आणि सायलेन्सरमधून फट्ट असा आवाज येई. रात्री अंधारात सीबी पॉइंटचे (प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचे) झाकण काढून इंजिन चालू ठेवले, तेव्हा पॉइंटच्या फटीत सतत ठिणग्या उडताना दिसल्या. कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) गेल्याची ही खूण आहे. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवली आणि ठोका परत आला. तेवढ्यात टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भागही, पाहून घेतले. इंजिन थंड असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबण्याच्या) फेरीत सर्वांत वर आणावा आणि पुशरॉड (व्हॉल्व्हकडे ढकलणारा दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हे माप डोळ्याला कळत नाही, बोटालाच कळते, म्हणून घाई करू नये.

नाशिक, स्प्लेंडर
टॅपेटचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव नोंदवतो. टॅपेट वाजतात म्हणून मीच तक्रार केली होती आणि कारागिराने ते आवळून आवाज बंद करून दिला. त्यानंतर गाडी थंड असताना उत्तम चाले, मात्र दहा किलोमीटर गेल्यावर स्लोवर उभी राहत नसे. धातू तापून वाढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) पूर्ण बसत नव्हता आणि कॉम्प्रेशन निसटत होते. टॅपेटची फट कंपनीच्या मापाप्रमाणे केल्यावर थोडी टकटक परतली. ती आता मला हवीहवीशी वाटते.

रत्नागिरी, आरएक्स १००
टू-स्ट्रोकवाल्यांनी क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे त्यावरच्या रबरी कड्या, विसरू नयेत. माझी गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावरही वरच्याच आवाजात राही, मग एकदम खाली येऊन बंद पडे, आणि ती कधी कशी वागेल याचा नेम नसे. एअर स्क्रू (स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारा) कितीही फिरवला तरी फरक पडत नव्हता. मॅग्नेटो (वीज तयार करणारे चाक) काढल्यावर मागचा सील कडक होऊन चिरलेला दिसला. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे तिथून आत शिरलेली हवा थेट मिश्रण पातळ करते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. असे इंजिन तसेच दामटले तर पिस्टन जाम होऊ शकतो, म्हणून हे लक्षण दिसताच गाडी उभी करावी.

म्हापसा, यझदी
पावसाळ्यात चार महिने उभी असलेली गाडी स्लोवर गुरगुरत होती. फ्लोट बाउलमधले (कार्बोरेटरच्या तळच्या वाटीतले) पेट्रोल काचेच्या ग्लासात काढले, तर तळाशी पाण्याचे गोल थेंब वेगळे बसलेले दिसले. टाकी रिकामी करून पुसली आणि काम झाले.

सोलापूर, राजदूत
पायलट जेटमध्ये (स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या भागात) कचरा अडकला म्हणून तो एकाने स्टीलच्या तारेने टोकरला. भोक मोठे झाले, प्लग काळा पडू लागला आणि स्लोवर धूर वाढला. पुढे तीन महिने मी प्लगच बदलत राहिलो. अखेर जुना जेट आणि नवा जेट उजेडासमोर शेजारी धरले, तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. आता मी जेट पेट्रोलमध्ये रात्रभर भिजवतो आणि सकाळी हवेच्या फुंकरीने साफ करतो; तार डब्यातून काढून टाकली आहे.