एअरपोर्टवरच्या पार्किंग आणि कॅबचे पैसे नक्की जातात कुणाकडे?

मंदार_के: कॅबच्या बिलात एअरपोर्टचा वेगळा चार्ज दिसतो, पार्किंगचे दर तर विचारूच नका. हे सगळं सरकारला जातं की कंत्राटदाराला? कुणाला नीट माहितीये का?

विमानवेडी: दोघांनाही. पार्किंगचं टेंडर निघतं, ज्याला मिळतं त्याला साधारणपणे महिन्याची ठरलेली किमान रक्कम किंवा गल्ल्यातला हिस्सा यातलं जे जास्त असेल ते एअरपोर्टला द्यावं लागतं, म्हणजे गाड्या कमी आल्या तरी किमान रक्कम सुटत नाही आणि मग तो वसुली आपल्याकडून करणारच ना. कॅबवाल्यांकडून पिकअपमागे फी नाहीतर जागेचं भाडं.

रस्त्यावरचा_माणूस: आणि मुंबई-दिल्लीला अजून एक पायरी आहे. 2006 मध्ये ही एअरपोर्ट खाजगी कंपन्यांकडे गेली तेव्हा महसुलातला 38.7 टक्के वाटा मुंबईने आणि 45.99 टक्के दिल्लीने सरकारच्या एअरपोर्ट अथॉरिटीला द्यायचा असं ठरलं, त्यात पार्किंगची कमाईसुद्धा येते.

विमानवेडी: बरोबर. शिवाय 2016 च्या विमान वाहतूक धोरणानुसार दुकानं, पार्किंग वगैरेच्या उत्पन्नातला 30 टक्के भाग विमान कंपन्यांकडून घेतले जाणारे लँडिंग वगैरे चार्जेस कमी करायला वापरतात. बाकीचा 70 टक्के एअरपोर्ट चालवणाऱ्या कंपनीकडे, त्यामुळे दर वाढवायचा मोह राहतोच. मला हे पटत नाही, विशेषतः जिथे बस-मेट्रो नाही तिथे माणूस जाणार कुठे?

मंदार_के: मुंबईत निदान ऑक्टोबर 2024 पासून मेट्रो 3 एअरपोर्टच्या टी-टूला (टर्मिनल 2) जाते. पुण्याचं काय?