पोटरीत गोळा आला की कॅल्शियम संपलं?

परळकर: काल इथे कुणी लिहिलं, 'दादरचा पूल चढताना पोटरीत गोळा येतो, म्हणजे स्नायूंतलं कॅल्शियम संपलं, रोज गोळी घ्या.' मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, गप्प बसवेना. अहो, साठा पेशीतच असतो, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जाळीदार पिशव्यांमध्ये! मज्जातंतूचा इशारा आला की या साठ्याचा दरवाजा, रायनोडिन रिसेप्टर, उघडतो, कॅल्शियम ट्रोपोनिन या स्नायूतल्या प्रथिनाला धरतं, स्नायू आकसतो. मग सर्का नावाचा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ते परत आत ओढतो. थोडं शेजारच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, शिरतं आणि तिथली एटीपीची निर्मिती वाढवतं. आकसायला लावतं तेच, ऊर्जाही मागवतं तेच! दमलेल्या स्नायूत हा साठा नीट सुटत नाही. गोळी तिथे काय करणार?

कल्याण स्लो: बाहेरचं लागतच नाही? सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरने १८८३ मध्येच दाखवलं, कॅल्शियमशिवाय बेडकाचं हृदय थांबतं.

परळकर: ते हृदय. हातापायांच्या स्नायूत व्होल्टेज ओळखणारं प्रथिन रायनोडिन रिसेप्टरला थेट उघडतं, बाहेरचं कॅल्शियम आत यायची वाट बघत नाही.

माहीमकर: पुस्तकं तुमची, आई माझी. ओट्याला धरल्याशिवाय पाटावरून उठता येत नव्हतं, रात्री पेटके. गोळ्या घेतल्या, आता चतुर्थीला मोदक वळायला खाली बसते. हे खोटं?

परळकर: खोटं कोण म्हणतंय? पाकीट बघा, सोबत डी३, म्हणजे ड जीवनसत्त्व, लिहिलंय का?

माहीमकर: लिहिलंय. डी तळाला गेलं होतं. जाणारच! समोर टॉवर झाल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन पडत नाही.

गिरगावची: टॉवरचं काढलंत म्हणून सांगते. आमच्या चाळीत सकाळभर पापड वाळायचे. पुनर्विकासात खोली मिळाली ती शाफ्टकडे तोंड करून. दिवसा ट्यूबलाइट! सासूबाई वर्षभर खाली उतरल्या नाहीत.

कल्याण स्लो: चाळीत जिने मोडके होते, ते विसरलात. उन्हासाठी छप्पर कोसळू द्यायचं?

गिरगावची: तुम्ही कल्याणला राहून आमची छपरं मोजू नका! हवेशीर घर मागणं गुन्हा आहे का?

परळकर: धागा स्नायूंचा आहे. माहीमकर, डीच्या कमतरतेने मांडीचे स्नायू दुबळे होतात. आईंचं उठणं त्यामुळेच अडलं असावं. रक्तातलं कॅल्शियम फार घसरलं तर बोटं आखडतात, हेही मान्य. पण तेव्हा मज्जातंतू बिथरतात, स्नायूतला साठा आटलेला नसतो.

माहीमकर: म्हणजे गोळीने गुण आला, एवढं मान्य करायला इतकं लिहिलंत! गोळी मी बंद करणार नाही.

परळकर: करूही नका, ती डॉक्टरांनी दिलीय. पण पूल चढून दमलेल्या प्रत्येकाला ती वाटत सुटू नका.

गिरगावची: आणि उन्हाचं कोण बघणार?