लॅब्रॅडॉरला रातांधळेपणा: ईआरजी (डोळ्याच्या पडद्याची विद्युत तपासणी) कुठे होते?
कोल्हापूर. लॅब्रॅडॉर मादी, वय 5, वजन 28 किलो. चार महिन्यांपासून संध्याकाळी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थबकते, पंजाने कडा चाचपते. दुपारी मात्र चेंडू अचूक झेलते. बाहुल्या मोठ्या, डोळे जास्तच चमकतात. रक्तातली साखर नॉर्मल, डोळ्यांचा दाबही नॉर्मल, 16 आणि 17. पडद्याच्या रक्तवाहिन्या बारीक झाल्यात, म्हणून डॉक्टरांना पीआरएची, म्हणजे पडदा हळूहळू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, शंका आहे. नजर हळूहळू गेली, त्यामुळे सार्ड्स (पडदा अचानक निकामी होण्याचा आजार) वाटत नाही. आता मोतीबिंदूही धरतोय, पण पडदाच निकामी असेल तर शस्त्रक्रियेचा तिला उगाच त्रास. पीआरसीडी (पीआरएचा एक प्रकार) या दोषाची जनुकचाचणीही करायचीय. दोष दोन्हीकडून आलेला निघाला, तर घरातली तिची दोन पिल्लं निदान वाहक असणारच. पुणे-मुंबईपर्यंत गाडीने आणू शकतो. कुत्र्यांची ईआरजी नक्की कुठे होते, आणि पूर्ण भूल देतात की नुसती गुंगी?