मदत हवी आहे : शिंजिराचा नर फोटोत ठार काळा येतो

नमस्कार मंडळी,

आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर रोज सकाळी जांभळ्या शिंजिराची (छोट्या सूर्यपक्ष्याची) जोडी येते. मादीचे फोटो बरे येतात. नराच्या गळ्यावरची निळी-जांभळी झळाळी डोळ्यांना स्पष्ट दिसते, फोटोत मात्र नुसता काळा ठिपका. डोळासुद्धा त्यात हरवतो.

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, ७०-३०० मिमी ची झूम लेन्स. ३०० वर एफ ५.६, शटर १/५००, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, तो साधारण १६०० पर्यंत जातो. नर शेंड्यावर बसला की मागे उजळ आकाश येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ करायची सेटिंग) +१ करून पाहिलं; पिसं थोडी उघडली, पण आकाश पांढरंफटक झालं. फुलासमोर तो तरंगतो तेव्हा पंख पुसट येतात, आणि शटर १/२००० केलं की आयएसओ थेट ६४०० वर.

फोटो रॉमध्येच (सेन्सरचा सगळा डेटा राखणारी फाइल) काढते. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) शॅडोज, म्हणजे गडद भाग, वर नेल्या की पिसांत रंगीत दाणे उठतात, हा नॉइज घालवला की पिसं मेणासारखी गुळगुळीत होतात. आधी काय करायचं? फक्त पक्ष्याला मास्क करून (तेवढाच भाग निवडून) उजळवता का तुम्ही? स्पॉट मीटरिंगने (फक्त एका छोट्या भागावरचा प्रकाश मोजून) फरक पडेल, की ऊन माझ्या पाठीशी येईल अशी जागा शोधणं हाच खरा उपाय?

फ्लॅश सुचवू नका, शेजारच्या वेलीवर त्यांचं घरटं लोंबतंय. विणीचा हंगाम संपला की नराचा हा झगमगाट जाऊन तो मादीसारखा पिवळसर होतो, म्हणून त्याआधी एक तरी नीट फोटो हवाय.