पाठीवर वाडी असलेला जलचर खातो काय?

शिंपला: काल्पनिक जगातली कादंबरी लिहितोय. त्यात कोसभर लांबीचा जलचर आहे, नाव ‘धोंडासूर’. पाठीवर माड, अकरा घरांची वाडी. बायकोने वाचून एवढंच विचारलं, “हा खातो काय? आणि बुडी मारली की वाडीचं काय?” आठवडा झाला, गाडी तिथेच अडलीय.

जवळाप्रेमी: निळा देवमासा बघा. ३० मीटरपर्यंत वाढतो, पण तोंडात दात नाहीत. क्रिल, म्हणजे आपल्या जवळ्याचे लांबचे भाऊबंद, पाण्यातून गाळून टनावारी खातो. धोंडासुराला जहाजं गिळायला लावू नका, उपाशी मरेल बिचारा.

जुनी_पोथी: नाव बदला हो, राक्षस वाटतो. संस्कृतात तिमी, त्याला गिळणारा तिमिंगिल, त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल! हौसेला मोल नाही.

शिंपला: तिमिंगिलगिल बायकोला म्हणून दाखवला, दोनदा अडखळलो. नाव राहू दे. बुडीचं बोला.

जवळाप्रेमी: फुप्फुसं द्या, म्हणजे श्वासाला वर येणं आलंच. स्पर्म देवमासा तासभर श्वास रोखून किलोमीटरहून खोल जातो, पण जाताना आधी पाठ वाकवतो, मग शेपूट वर काढतो. तुमच्या वाडीला तेवढी सूचना पुरे. चुलीवरचं कालवण एका अंगाला कलंडलं, की पोरं उचलायची आणि होड्या सोडायच्या.

शिंपला: कालवण घेतलं! आता तिचा पुढचा प्रश्न: खाली असतो तेव्हा माड जगतात कसे?