मदत हवी आहे: 'इट कम्स ॲट नाइट' दाखवला आणि सगळे चिडले. आता शनिवारी काय बोलू?

पारिजातक

नमस्कार मंडळी. खाली चित्रपटाचा शेवट फोडला आहे, बघायचा असेल तर आधी बघून या.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन शनिवारी आम्ही प्रोजेक्टरवर सिनेमा बघतो. पंधरा-सोळा जण असतात, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. या वेळी निवड माझी होती. मी २०१७ चा 'इट कम्स ॲट नाइट' लावला, ट्रे एडवर्ड शल्ट्स या अमेरिकी दिग्दर्शकाचा. जंगलातलं घर, बाहेर कसलीशी साथ, आत एक कुटुंब, आणि आसऱ्याला आलेलं दुसरं कुटुंब. दीड तासाचा आहे आणि मला मनापासून आवडतो.

दिवे लागल्यावर क्षणभर कोणी बोललंच नाही. मग एकदम सुरू झालं. "रात्री येतं काय, ते तर दाखवलंच नाही!" "घरातून बाहेर जायचं ते लाल दार रात्री उघडलं कोणी?" एक काकू म्हणाल्या, "अगं, भुताचा सिनेमा म्हणालीस म्हणून नातवाला झोपवून घाईघाईने आले. यात भूत कुठंय?"

मी समजवायला गेले आणि तिथेच चुकलं. आसऱ्याला आलेल्या कुटुंबातला छोटा अँड्र्यू झोपेत चालत गेला असेल आणि दार त्यानेच उघडलं असेल, असं मला वाटतं ते सांगून टाकलं. लगेच दोघांनी ते खोडून काढलं, एवढ्याशा पोराला ते दार उघडेल का म्हणून. तिसरे म्हणाले, उघडलं ते घरमालकांच्या सतरा वर्षांच्या मुलाने, ट्रॅव्हिसने, त्याला स्वप्न कुठलं आणि जागेपण कुठलं हेच कळत नव्हतं. वाद इतका तापला की दोघं चहा न घेताच गेले.

खरी अडचण पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर आदल्या रात्री एक शब्द न बोलता गेलेले एक काका भेटले. त्यांच्या पत्नी २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेल्या. शेवटचं बघणं काचेतून झालं. म्हणाले, "ते सुरुवातीचं मला परत बघायचंय. ती बाई मास्क लावून वडिलांशी बोलते ना, ते." मला काही सुचलं नाही, नुसती मान हलवली.

येत्या शनिवारी सगळे पुन्हा जमणार आहेत आणि "उत्तर घेऊन ये" असं मला बजावलंय. काय नेऊ? आणि काकांना तो प्रसंग एकट्याने दाखवू का, की विषय बदलू?

रातकिडा

पारिजातक, तुमच्या मंडळींनी केलं तेच अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही केलं होतं. तिकडे सिनेमास्कोअर म्हणून संस्था आहे, ती पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेते आणि शाळेसारखी श्रेणी देते. या चित्रपटाला 'डी' मिळाली होती. समीक्षकांनी उचलून धरला तरीही. पुढच्या वर्षी 'हेरेडिटरी' या भयपटाला 'डी प्लस' मिळाली, आणि तो तरीही जगभर सुमारे आठ कोटी डॉलर कमावून गेला. म्हणजे ही श्रेणी सिनेमाचा दर्जा सांगत नाही. लोक काय समजून आत गेले आणि हातात काय पडलं, यातलं अंतर सांगते. ट्रेलरने अंधारातलं काहीतरी दाखवायचं कबूल केलं होतं. तुम्हीही "भुताचा" म्हणालात ना?

माजघर

मी जरा वेगळं सांगते. प्रेक्षकांवरच सगळं ढकलू नका. नावातच "येतं" आहे, मग लोकांनी वाट बघितली तर त्यांचं काय चुकलं? मलाही पहिल्यांदा राग आला होता आणि तो खरा होता. त्या काकूंना शनिवारी आधी बोलू द्या. पूर्ण बोलू द्या.

दाराचं उत्तर मात्र नेऊ नका. ते सिनेमातच नाही. त्याऐवजी विचारा, "विल, म्हणजे आसऱ्याला आलेला तो बाप, खोटं बोलतोय असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?" तो आधी भावाचं काहीतरी सांगतो आणि मग पीत बसलेला असताना आपण एकुलते एक असल्याचं बोलून जातो. लगेच सारवतो, भाऊ म्हणजे बायकोचा भाऊ. त्या क्षणी घरमालक पॉलचा, ट्रॅव्हिसच्या वडिलांचा, चेहरा बदलतो. आपलाही बदलतो. मी दुसऱ्यांदा बघितला तेव्हा वाटलं, तो कदाचित खरंच बोलत होता. मग पुढे त्या घरात जे झालं ते बघवेना.

निळावंती

काकांबद्दल लिहिते. शल्ट्सने ही पटकथा वडील कर्करोगाने गेल्यानंतर लगेचच लिहिली. सुरुवातीला ती मुलगी मरणाऱ्या वडिलांशी जे बोलते, ते बरंचसं त्याने स्वतः वडिलांच्या उशाशी बसून बोललेलं आहे. हे त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. शेवटी तीच बाई आपल्या मुलाच्या उशाशी तशीच बसलेली दिसते. काकांनी नेमकं ते ओळखलं. विषय बदलू नका. पण एकट्याने नको, तुम्ही शेजारी बसा. आणि आधी विचारा, पुढचा भाग दाखवायचा का. त्या म्हाताऱ्याला ढकलगाडीतून जंगलात नेऊन जाळतात, ते त्यांना नको असेल.

एक लहानशी गोष्ट मंडळींना दाखवता येईल. ट्रॅव्हिसला वाईट स्वप्न पडतं तेव्हा पडद्याच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या जाड होतात, चित्र चेपतं. शेवटाकडे तो जागा असतानाही ते चेपत जातं. रात्री काय येतं, याचं मला तरी तिथे उत्तर मिळालं.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. माजघर, "भुताचा" हा शब्द माझाच होता, शनिवारी काकूंना आधी तेच सांगणार.

काका काल संध्याकाळी घरी आले. लॅपटॉपवर सुरुवात लावली. मास्कमधून त्या बाईचा आवाज घुमतो, शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांनी दोनदा मागे न्यायला लावलं. ढकलगाडी यायच्या आत मी थांबवलं. चष्मा काढून पुसत म्हणाले, "हिला निदान बोलायला मिळालं."

जाताना चपला घालता घालता त्यांनीच विचारलं, शनिवारी सगळ्यांना एवढंच परत दाखवशील का, मला दोन शब्द बोलायचेत. हो म्हटलंय.